गाणं पूर्ण वाजू द्या

लॉस एंजलिसच्या दक्षिणेला, समुद्राकाठी लाँग बीच नावाचं शहर आहे. तिथून १०५.५ मेगाहर्ट्झवर केएनएसी नावाचं एफएम स्टेशन चालायचं. १९८६ साली या स्टेशनने चोवीस तास हार्ड रॉक आणि हेवी मेटल वाजवायला सुरुवात केली. ट्रान्समीटर लहान, आवाका बेताचा. लॉस एंजलिसच्या बऱ्याच भागांत खरखरीतून गाणं हुडकून काढावं लागे. तरीही केएनएसीचं नाव छापलेले काळे टी-शर्ट आणि मोटारींच्या मागे चिकटवलेले स्टिकर त्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात सर्रास दिसत. पुढे स्टेशन विकलं गेलं. १५ फेब्रुवारी १९९५ला मेटालिका या बँडचं 'फेड टू ब्लॅक' वाजवून मेटलचं प्रसारण थांबलं आणि त्याच वारंवारतेवर स्पॅनिश कार्यक्रम सुरू झाले. तीन वर्षांनी तेच नाव घेऊन इंटरनेटवर नवं रेडिओ स्टेशन उभं राहिलं, कारण ते नाव आठवणारे लोक अजून होते.

इतका जीव कशासाठी? हा श्रोता तर रेडिओवर अवलंबून नव्हताच. मेटल ऐकणारा माणूस आल्बम विकत घेतो, जपून ठेवतो, पाठ करतो. मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' हा आल्बम मार्च १९८६मध्ये आला. मोठ्या रेडिओ स्टेशनांनी तो जवळजवळ वाजवलाच नाही, बँडने तोवर एकही व्हिडिओ काढला नव्हता. तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्याला गोल्ड रेकॉर्ड मिळाली, म्हणजे पाच लाख प्रती खपल्या. मेटलची बातमी पसरायची ती हाताने कॉपी केलेल्या कॅसेटींतून, टपालाने देशोदेशी जाणाऱ्या डेमोंतून आणि चाहत्यांनी स्वतः काढलेल्या, सायक्लोस्टाइल केलेल्या फॅनझिनांतून. गाणी ज्याच्या घरात आधीच आहेत, त्याला रेडिओकडून गाण्यांपेक्षा वेगळं काहीतरी हवं असतं. ते काय, हे नीट पाहिलं तर रेडिओ नावाच्या माध्यमाबद्दलच बरंच कळतं, असं मला वाटतं.

आधी व्यापारी रेडिओचं गणित समजून घेऊ. जाहिरातीचा दर ठरतो तो किती लोक ऐकतात आणि किती वेळ ऐकतात यावर. त्यामुळे कार्यक्रम ठरवणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती बटणाची. अनोळखी गाणं लागलं की हात बटणाकडे जातो आणि श्रोता शेजारच्या स्टेशनवर पळतो. म्हणून अमेरिकन स्टेशनं श्रोत्यांना फोन करून गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवत आणि गुण विचारत. ज्या तुकड्याला चांगले गुण, ते गाणं दिवसातून अनेकदा, बाकीची कपाटात. तीन-साडेतीन मिनिटांच्या, पहिल्या अर्ध्या मिनिटातच मुखडा हातात ठेवणाऱ्या गाण्याला ही परीक्षा सोयीची आहे. मेटलचं गाणं तिथे नापास होणार हे ठरलेलंच. 'मास्टर ऑफ पपेट्स' हे शीर्षकगीत साडेआठ मिनिटांचं आहे. मधोमध ते जवळजवळ थांबतं, दोन गिटारी शांतपणे एकमेकींशी बोलू लागतात आणि मग हळूहळू वजन परत चढतं. आयर्न मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' तर तेरा मिनिटांहून मोठं. यातले कुठले दहा सेकंद फोनवर ऐकवणार?

श्रोत्याची पहिली मागणी इथूनच येते: गाणं पूर्ण वाजू द्या. रेडिओसाठी कापलेली आवृत्ती नको, सोलो गाळलेला नको. सुरुवातीवर बोलणंही नको. पॉप रेडिओत निवेदकाचं कसब असं की वाद्यमेळ सुरू झाला की बोलायला लागायचं आणि गायकाने तोंड उघडायच्या नेमकं आधी थांबायचं. कसब खरंच आहे, पण मेटलमध्ये ती सुरुवात म्हणजे रिकामी जागा नसते. साध्या अकूस्टिक गिटारीवर, पावसाच्या आणि घंटेच्या आवाजावर किंवा एकाच लांबवलेल्या सुरावर उभी केलेली ती प्रतीक्षाच पुढच्या आघाताला अर्थ देते. 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला आल्बम १९७०मध्ये असाच पावसाने आणि घंटेने उघडला होता. त्यावर कुणी हवामानाचा अंदाज सांगितला तर श्रोत्याचा संताप होतो, आणि तो रास्त आहे.

गाणं संपल्यावर मात्र निवेदकाने बोलावं, भरपूर बोलावं. बँड कोणता, गाव कोणतं, आल्बम कुठला, ड्रमर तोच आहे की बदलला. मेटलच्या श्रोत्याला नावं हवी असतात. गाण्याचं नाव न सांगता पुढे जाणारं स्टेशन त्याला अर्ध्यावर सोडून जातं, कारण नाव हाती आलं की तो उद्या दुकानात जाऊन तोच आल्बम मागणार असतो.

आता आवाजाची गोष्ट, कारण तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं आणि मेटलमध्ये तर सगळं तिथेच आहे. इलेक्ट्रिक गिटारचा अॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे रेटला की ध्वनिलहरींची टोकं छाटली जातात. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. छाटलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतल्या अनेक वरच्या कंपनसंख्यांची भर पडते आणि मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी होऊन सूर लांबतो. षड्ज आणि पंचम एवढे दोनच स्वर जोडून वाजवलेला पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमधून गेला की त्या दोघांच्या खालचा, प्रत्यक्ष न वाजवलेला एक जाड सूरही ऐकू येऊ लागतो. छातीवर दाब आल्यासारखं वाटतं ते यामुळे. त्यावर दोन पायांनी वाजवलेला बेस ड्रम आणि सतत चमकणाऱ्या सिम्बल. खालपासून वरपर्यंत आवाजाचा सगळा पट भरलेला.

असा आवाज रेडिओतून पाठवणं कठीण असतं. प्रत्येक एफएम स्टेशनमध्ये ट्रान्समीटरच्या आधी एक प्रोसेसर बसवलेला असतो. १९७५ साली रॉबर्ट ओर्बन यांनी आणलेला ऑप्टिमॉड हा त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध. हलका आवाज वर उचलायचा, मोठा आवाज दाबून धरायचा आणि एकूण पातळी कायम चढी ठेवायची, हे त्याचं काम. मोटारीत, रहदारीत ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण ज्या गाण्याची सगळी ताकद शांततेनंतरच्या स्फोटात आहे, तिथे प्रोसेसरने शांतता मोठी केली आणि स्फोट लहान केला तर उरतं काय? शिवाय एफएममध्ये वरच्या कंपनसंख्या प्रक्षेपणाआधी मुद्दाम वाढवतात आणि रेडिओ संचात पुन्हा तेवढ्याच उतरवतात, म्हणजे खरखर कमी ऐकू येते. अमेरिकेत ही वाढ युरोप आणि भारतापेक्षा जास्त ठेवलेली आहे. परिणाम असा की सिम्बलचा आवाज सगळ्यांत आधी मर्यादेला जाऊन धडकतो आणि पातळी रोखणारा लिमिटर त्याला बोथट करतो. मेटल स्टेशनच्या इंजिनिअरने हे यंत्र हलक्या हाताने लावलं आहे की नाही, हे कान तयार असलेल्या श्रोत्याला पाच मिनिटांत कळतं. मीडियम वेव्हवर तर विचारूच नका. तिथे वरचा अर्धा पट पोचतच नाही.

ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न होता. बीबीसी रेडिओ १ हे तरुणांचं केंद्र बराच काळ मीडियम वेव्हवरच अडकलेलं होतं. पण रात्री दहा ते बारा या वेळात त्याला रेडिओ २ची एफएम वारंवारता वापरायला मिळे. नोव्हेंबर १९७८पासून शुक्रवारच्या त्या दोन तासांत 'फ्रायडे रॉक शो' लागू लागला. निवेदक टॉमी व्हान्स, निर्माता टोनी विल्सन. व्हान्स यांचा आवाज खोल, खर्जातला, पण त्यात भाव खाणं नव्हतं. समोरचा श्रोता जाणकार आहे असं धरून ते बोलत. आपल्याकडे बुधवारी रात्री अमीन सायानींच्या आवाजासाठी घराघरात रेडिओ सिलोन लागायचं, तशी इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावांतली पोरं शुक्रवारी रेडिओपाशी रेकॉर्ड बटणावर बोट ठेवून बसत. व्हान्स यांनी हा कार्यक्रम १९९३पर्यंत चालवला.

या कार्यक्रमाच्या मोठेपणामागे एक जाचक नियमही होता. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याबरोबरच्या करारामुळे बीबीसीला आठवड्यात ठरावीक तासांपलीकडे तयार रेकॉर्ड वाजवता येत नसत. उरलेला वेळ भरायला बँडना स्टुडिओत बोलावून खास ध्वनिमुद्रण करावं लागे. आयर्न मेडनने १४ नोव्हेंबर १९७९ला 'फ्रायडे रॉक शो'साठी चार गाणी मुद्रित केली, तेव्हा मोठ्या कंपनीशी त्यांचा करारही झालेला नव्हता. म्हणजे ज्याचा आल्बम अजून बाजारातच नाही असा बँड श्रोत्याला घरबसल्या, चांगल्या आवाजात, अन्य कुठेही न मिळणाऱ्या रूपात ऐकायला मिळाला. रेडिओने याहून अधिक काय द्यावं? कपाटातल्या आल्बमने भागणार नाही असं काहीतरी हवं, ही श्रोत्याची मागणी इथे पूर्ण झाली.

त्याच काळात वायव्य लंडनमधल्या किंग्जबरीत, एका पबला लागून असलेल्या सभागृहात नील के नावाचा डीजे फक्त हेवी रॉक वाजवायचा. आलेल्या लोकांच्या फर्माइशी मोजून तो क्रमवारी बनवी आणि 'साउंड्स' हे साप्ताहिक ती छापी. आयर्न मेडनने आपली डेमो कॅसेट त्याच्या हाती दिली. ती तिथे वाजली, लोकांनी पुन्हा पुन्हा मागितली आणि बाजारात नसलेलं गाणं छापील क्रमवारीत पहिलं आलं. पुढे त्याच मुद्रणाच्या ५,००० प्रती 'द साउंडहाउस टेप्स' या नावाने बँडने स्वतः काढल्या. हे रेडिओ स्टेशन नव्हतं हे खरं, पण श्रोत्याच्या मनातलं स्टेशन असंच असतं. आपण मागितलेलं गाणं वाजतं, त्याची नोंद होते आणि आपल्या मतामुळे एखाद्या बँडचं नशीब हलतं.

अमेरिकेत हे काम विद्यापीठांच्या छोट्या केंद्रांनी केलं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या केयूएसएफवर 'रॅम्पेज रेडिओ' नावाचा मेटलचा कार्यक्रम शनिवारी रात्री उशिरा लागे. तो करणाऱ्यांत रॉन क्विंटाना होता. हाच तो मुलगा, ज्याने आपल्या फॅनझिनसाठी काढून ठेवलेल्या नावांच्या यादीतलं 'मेटालिका' हे नाव त्या बँडचा ड्रमर लार्स उलरिखने उचललं. निवेदक, फॅनझिनवाला, कॅसेटी अदलाबदल करणारा आणि श्रोता हे सगळे एकाच घोळक्यातले होते. श्रोत्याला असाच निवेदक हवा असतो, काल रात्री त्याच मैफलीत धक्के खाल्लेला.

मग प्रश्न येतो, श्रोत्याला नेमकं जुनं हवं की नवं? विचारलं तर जवळजवळ प्रत्येक मेटलवाला सांगेल की तीच ती गाणी ऐकून कंटाळा आला, आल्बमच्या दुसऱ्या बाजूची, विसरलेली गाणी वाजवा, नवे बँड वाजवा. आणि कार्यक्रम अधिकारी हताश होऊन सांगेल की अनोळखी गाणी सलग तीन लावली की लोक निघून जातात. माझ्या मते दोघांचंही खरं आहे. अनोळखी गाणं ऐकायला मेहनत लागते, मेटलमध्ये जरा जास्तच. ती मेहनत माणूस तेव्हाच घेतो जेव्हा त्याला सांगणाऱ्यावर विश्वास असतो. जूडस प्रीस्टचं ओळखीचं गाणं वाजवून, त्यांची दोन गिटारींची पद्धत कुणी कुठे नेली ते दोन वाक्यांत सांगून मग एखाद्या अज्ञात बँडकडे नेणारा निवेदक असेल, तर बटणाकडे गेलेला हात थांबतो. तो पूल बांधणारा माणूस काढून टाकला आणि संगणकाने एक जुनं, एक नवं असा क्रम लावला, तर नवं गाणं नुसतं अडथळा ठरतं. श्रोत्याच्या तक्रारीवर स्टेशनं गाण्यांच्या यादीत उत्तर शोधतात. उत्तर बहुतेकदा माणसात असतं.

पोटप्रकारांचं भांडणही यातलंच. बाहेरच्याला सगळं एकच आरडाओरडा वाटतं. आतल्याला डूमची संथ, जड चाल, थ्रॅशचा वेग, डेथ मेटलमधला गुरगुरता आवाज आणि पॉवर मेटलमधला उंच सुरेल गळा ही चार वेगळी घराणी वाटतात. डूमच्या वीस मिनिटांनंतर एकदम पॉवर मेटल लावलं तर रसभंग होतो. पण फक्त एकाच घराण्याचं स्टेशन काढलं तर ऐकणारे मूठभर उरतात. म्हणून बहुतेक चांगल्या स्टेशनांवर रात्रीचे तास वाटून दिलेले असतात आणि श्रोता आपला तास लक्षात ठेवून येतो.

रात्रच का, यालाही कारण आहे. अमेरिकेत सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात अश्लील मानल्या जाणाऱ्या शब्दांवर रेडिओला बंदी आहे. त्यानंतर मोकळीक मिळते. त्यात १९८५ साली अमेरिकी सिनेटसमोर रॉकच्या शब्दांवर सुनावणी झाली आणि ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर तिथे जाऊन ठामपणे आपली बाजू मांडून आला. त्या वातावरणात जाहिरातदार मेटलपासून आणखी दूर सरले. ब्रिटनमध्येही १९९१च्या सुरुवातीला आयर्न मेडनचं एक गाणं विक्रीत पहिलं आलं, पण दिवसाच्या रेडिओने ते जवळजवळ वाजवलं नाही. लोक विकत घेतात पण रेडिओ त्यांच्यासाठी वाजवत नाही, यातला अपमान श्रोता विसरत नाही. आपल्या संगीताची थट्टा न करता, ओशाळं न होता ते कुणी वाजवावं, एवढी साधी अपेक्षाही वर्षानुवर्षं अपुरी राहिली.

मुंबईकरांना हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. रंगभवनात १९८६पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चा महोत्सव भरायचा, धोबीतलावाजवळचं ते खुलं नाट्यगृह काळ्या टी-शर्टांनी भरून जायचं. फेब्रुवारी २००८मध्ये आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. श्रोते होते, डीमॉनिक रिझरेक्शनसारखे मुंबईचे बँड होते, पण रेडिओ स्टेशन नव्हतं. खासगी एफएम आलं तेव्हा परवाने लिलावाने गेले आणि सुरुवातीला दरवर्षी मोठी ठरावीक फी भरावी लागे. एवढे पैसे भरलेल्या माणसाने लहान श्रोतृवर्गावर डाव कसा लावायचा? बहुतेकांनी हिंदी चित्रपटसंगीतच धरलं. २००५नंतर फी उत्पन्नाच्या चार टक्के झाली, तरी तोवर सवय पक्की झाली होती. आपल्याकडचा मेटलवाला कॅसेटींतून थेट इंटरनेटवर गेला, मधलं रेडिओचं स्टेशन त्याला लागलंच नाही.

इंटरनेटने जागेची टंचाई संपवली. आवाजाचा प्रश्न मात्र नव्या रूपात आला: कमी बिटरेटवर सिम्बल आणि डिस्टॉर्शन यांचा गोंगाटासारखा दाट आवाज कमी जागेत बसवणं कोडेक या आवाज दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला जड जातं आणि सिम्बल पाण्यात वाजल्यासारख्या ऐकू येतात. याहून मोठा प्रश्न पैशांचा. २०१७मध्ये 'गिमी रेडिओ' नावाने अमेरिकेतून एक मेटल स्टेशन सुरू झालं. मेगाडेथच्या डेव्ह मस्टेनसारखे वादक स्वतः निवेदन करत, गाणं चालू असताना श्रोते एकमेकांशी आणि निवेदकाशी लिहून बोलत. या लेखात आतापर्यंत सांगितलेलं जवळपास सगळं तिथे होतं. २०२३मध्ये ते बंद पडलं. श्रोत्याला काय हवं हे कळूनही स्टेशन मरू शकतं, कारण ते चालवायचा खर्च कुणी उचलायचा हा वेगळा प्रश्न आहे.

फिनलंडने तो आकड्यांनी सोडवला. तिथे मेटल हे मुख्य प्रवाहातलं संगीत आहे, त्यामुळे २००७पासून 'रेडिओ रॉक' जाहिरातींवर उभं राहू शकलं. इतरत्र तो मार्ग नाही. इतरत्र टिकली ती अशी स्टेशनं, ज्यांना महिन्याचं बिल सरासरी श्रोत्याकडून वसूल करायचं नसतं. न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजमधलं डब्ल्यूएसओयू हे त्याचं माझं आवडतं उदाहरण. सेटन हॉल या कॅथलिक विद्यापीठाचं ते केंद्र १९४८पासून चालू आहे आणि १९८६पासून ८९.५ मेगाहर्ट्झवर मेटल वाजवतं. न्यूयॉर्क महानगराचा मोठा भाग त्याच्या टप्प्यात येतो; त्या परिसरात एवढे मराठी लोक राहतात, त्यांनी गाडीत एकदा तरी लावून पाहावं. निवेदक विद्यार्थी असतात. चार वर्षांनी ते पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात, आपापले बँड, आपापली भांडणं आणि कालच कुठल्यातरी तळघरात ऐकलेली मैफल घेऊन. त्यांचं बोलणं कधी अडखळतं, एखादं नाव चुकीचं उच्चारलं जातं, आणि मग कुणीतरी फोन करून ते दुरुस्त करतं.